घरात लहान मूल आहे? या चुका टाळा

‘आमचं लक्ष असतं हो’ हे वाक्य अपघातानंतर बहुतेक घरांतून ऐकू येतं, आणि ते खोटंही नसतं. पण कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मोबाईल, एवढ्यानंही लक्ष हलतं. एक ते चार वर्षांचं मूल सगळ्यात जोखमीचं; हातपाय फुटलेले असतात, समज यायची असते. त्यामुळे लक्षाच्या भरवशावर राहण्यापेक्षा वस्तूंच्या जागा बदला.

नाशिककडची मोठी चूक म्हणजे फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे म्हणजे कोंब फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. त्यातलं उरलेलं, ‘उद्या लागेलच’ म्हणून पडवीत राहतं. मुलाला फक्त ओळखीची बाटली दिसते. औषध मूळ डब्यातच आणि कुलपात ठेवा. फिनेल, ॲसिड, रॉकेल यांचंही तेच. पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतं, रॉकेल फुप्फुसात शिरतं. डबा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

द्राक्षांबद्दल बोललं की आपल्याकडे लोकांना राग येतो, तरी सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पेट्या येतात आणि मांडीवरच्या नातवाच्या तोंडात आजोबा कौतुकानं अख्खा मणी घालतात. तो गुळगुळीत मणी श्वासनलिकेत बुचासारखा बसू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलाला मणी उभा चिरून, चार फोडी करूनच द्या. शेंगदाणे, फुटाणे या वयात नकोतच. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो.

थंडीत बादलीत हीटरचा रॉड लावून ‘आलेच’ म्हणत बाहेर जाणं थांबवा. अंघोळीला आधी थंड पाणी, मग गरम. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. घरातली मोठी माणसं टूथपेस्टसाठी हट्ट धरतील, तो मोडून काढा.

वॉकर आणू नका. त्यानं मूल लवकर चालत नाही, जिन्यापर्यंत मात्र लवकर पोचतं. कॅनडानं 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने तर उभेच असतात, तिथे वर आणि खाली दोन्हीकडे फाटक हवं. गॅलरीच्या कठड्याजवळ खुर्ची, कुंडी ठेवू नका. पाण्याचा ड्रम झाकून ठेवा, वापरलेली बादली लगेच रिकामी करा, तळाशी वीतभर पाणी उरलं तरी मूल बुडू शकतं.

आणि रिमोटमधली, खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी शौचावाटे पडेल म्हणून थांबू नका. अन्ननलिकेत अडकली तर ती दोन तासांत गंभीर इजा करते. काही खायला न घालता लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या; गाडी नसेल तर 108 लावा.