सीताबर्डी ते रामटेक: डोंगर ओळखताना या चुका टाळा

उंची बघून डोंगराचा मोठेपणा ठरवणं, ही नागपूरकरांची सगळ्यात मोठी चूक. रामटेकच्या टेकडीला हिमालयापुढे कोण विचारतो? पण रामटेक-मनसर पट्ट्यातले अभ्रकाने चमकणारे, तिरपे कललेले खडक सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल दाबले गेले, तापले आणि दुमडले. मनसरचं मँगनीजही याच खडकांतलं. त्यांच्यावर तेव्हा केवढा पर्वत उभा असेल, विचार करा!

मग इतके खोल गेलेले खडक वर आले कसे? इथे दुसरी चूक होते. पाऊस-नद्यांनी माथा झिजवला की पर्वत तेवढाच बुटका झाला, असं आपण धरून चालतो. पण पर्वताला खाली जाड मूळ असतं, म्हणजे त्याचा खडक जमिनीखालीही खोलवर गेलेला असतो, हा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1855 मध्ये मांडला. माल उतरवला की होडी जशी वर येते, तसा माथा झिजला की मूळ वर उचललं जातं. पुन्हा झीज, पुन्हा उचल. हे कोट्यवधी वर्षं चालतं आणि शेवटी खोलातला खडक उघड्यावर येतो. रामटेकला आपण अशाच एका जुन्या पर्वताच्या पोटात उभे असतो. मला तरी हे एव्हरेस्टइतकंच थोर वाटतं.

सीताबर्डीच्या टेकडीला मात्र हा हिशेब लावू नका. तिथला काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो भेगांतून पसरला, थरावर थर साचला. टेकडी म्हणजे ज्वालामुखीचं तोंड नव्हे. सह्याद्रीही याच लाव्हाचा, त्यामुळे त्याला हिमालयासारख्या वली, म्हणजे थर दुमडून बनलेल्या, पर्वतांत बसवू नका.

खडकाचं वय आणि पर्वताचं वय यांतही गल्लत होते. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक 40 कोटी वर्षांहून जुना, समुद्रात साचलेला. पण भारत आणि आशियाचे भूपट्ट भिडून हिमालय उभा राहू लागला तो सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी.

आणि सुट्या दगडावरून काहीच ठरवू नका. रस्त्याकडेची गिट्टी ट्रकने कुठूनही येते, कन्हानच्या पात्रातले गोटे तर वरून सातपुड्यातूनही वाहत येतात. जमिनीत घट्ट रुतलेला, जागेवरचा खडक शोधा आणि आधी एवढंच पाहा: थर आडवे आहेत की कललेले?