हनी ट्रॅप: परदेशी जाताना या चुका टाळा

'मी कुठला एवढा मोठा, माझ्यावर कोण जाळं टाकणार?' हा भ्रम आधी काढून टाका. हनी ट्रॅप म्हणजे प्रेमाचं किंवा शरीरसंबंधाचं आमिष दाखवून माणसाला अडकवणं आणि त्याच्याकडून गुपितं काढून घेणं. जॉन व्हॅसल मॉस्कोतल्या ब्रिटिश वकिलातीत, नौदल विभागात साधा कारकून होता. पण फायली फिरतात त्या कारकुनाच्याच हातून. 1954 साली एका पार्टीत त्याला भरपूर दारू पाजली आणि पुरुषांबरोबरचे नको त्या अवस्थेतले फोटो काढले. त्या काळी ब्रिटनमध्ये समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. नंतर फोटो समोर ठेवल्यावर तो गारठला, घरी कुणाला काही बोलला नाही आणि वर्षानुवर्षं सोव्हिएत हेरांना कागद पुरवत राहिला. 1962 मध्ये पकडला गेला, 18 वर्षांची शिक्षा झाली.

त्याच मॉस्कोत 1957 मध्ये अमेरिकन स्तंभलेखक जोसेफ ऑलसॉप जवळपास तसेच अडकले. त्यांनाही फोटो दाखवले आणि 'सहकार्य' मागितलं. ऑलसॉपनी आपल्या वकिलातीला खरं सांगितलं, देश सोडला आणि घडलं ते सविस्तर लिहून सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेकडे दिलं. बदनामीची टांगती तलवार राहिली, पण केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेचं काम काही झालं नाही. पाय दोघांचाही घसरला होता. म्हणून सगळ्यात घातक चूक कोणती असं मला विचाराल, तर लाजेपोटी गप्प बसणं. फोटो हातात असलेल्याचा सगळा भरवसा तुमच्या गप्प बसण्यावरच असतो.

आता ओळख होते त्या घडीकडे या. कॉन्फरन्सच्या जेवणात शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या आणि तुमच्या आवडीनिवडी तंतोतंत जुळायला लागल्या, की लिंक्डइन-इन्स्टाग्रामवर आपणच काय काय लिहून ठेवलंय ते आठवा. विषय हळूहळू सरकतो. आधी बॉसच्या तक्रारी, मग 'तुम्ही नेमकं काय बनवता हो?', मग ऑफिसातला एखादा सेल्फी, मग 'व्हॉट्सॲप नको, हे ॲप टाक ना'. प्रत्येक पायरी इतकी लहान असते की नाही म्हणायला संकोच वाटतो. तरी म्हणा. फार तर माणूस रुसेल.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून प्रवासाचा बेत बदलू नका. इस्रायलची अणुगुपितं वृत्तपत्राला देणारा तंत्रज्ञ मोर्देखाय वानुनू 1986 मध्ये लंडनमध्ये होता. तिथे अमेरिकन पर्यटक असल्याचं सांगणारी 'सिंडी' त्याला भेटली. तिच्याबरोबर तो रोमला गेला. तिथल्या घरात मोसाद या इस्रायली हेरसंस्थेची माणसं वाट पाहत होती. बेशुद्ध करून त्याला जहाजातून इस्रायलला नेलं. ब्रिटनच्या भूमीवरून उचलणं राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून त्याला त्याच्याच पायांनी बाहेर काढलं.

बायका जाळं टाकतात आणि पुरुष अडकतात, हाही गैरसमजच. इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयातल्या अधिकारी माधुरी गुप्ता यांना 2010 मध्ये अटक झाली आणि 2018 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. पाकिस्तानी हेराने प्रेमाचं नाटक करून त्यांना जवळ केलं, असं तपासात पुढे आलं होतं.

विमानातून उतरलो म्हणजे सुटलो, असंही नाही. पुण्यातले डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ प्रदीप कुरुलकर यांना मे 2023 मध्ये एटीएसने अटक केली. ब्रिटनमध्ये राहते असं सांगणाऱ्या 'झारा दासगुप्ता'शी ते व्हॉट्सॲपवर बोलत होते, असा आरोप आहे. प्रवासात झालेली ओळखही अशीच फोनवर घरापर्यंत येते.

संशय आला तर चॅट पुसून टाकू नका. घाबरून बहुतेकजण हेच करतात आणि स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच घालवतात. स्क्रीनशॉट काढा, आपल्या दूतावासाला आणि ऑफिसच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा, आणि ब्लॉक कधी करायचं ते त्यांना विचारून ठरवा. पैसे किंवा 'शेवटची एक फाईल' देऊन प्रकरण मिटवायला जाऊ नका. ती शेवटची कधीच नसते. दूतावासाचा इमर्जन्सी नंबर निघण्यापूर्वी कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण अशा वेळी फोन तुमच्या हातात असेलच असं नाही.