सहलीच्या एकाच दिवशी संग्रहालय आणि लेझीम

शाळेच्या सहलीत पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि लेझीमचा सराव एकाच दिवशी ठेवायचा असेल, तर संग्रहालय सकाळीच उरकावे. खेळून दमलेली मुले दालनांत रेंगाळतात आणि काचेच्या कपाटांना टेकून बसतात. संग्रहात सुमारे २० हजार वस्तू असल्याने 'सगळे पाहू' हा हट्ट सोडावा. दिवे, अडकित्ते आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल एवढे पाहून उरलेला वेळ वाद्यांच्या दालनाला द्यावा, कारण तिथे चामड्याची वाद्ये, त्यांची खोडे (पोकळ सांगाडे) आणि ताण देण्याच्या दोऱ्या निरखलेल्या मुलांना दुपारी लेझीमच्या साथीला वाजणाऱ्या हलगीचा ठेका चटकन उमगतो. प्रत्येकाने एकाच वस्तूचे चित्र काढावे; माहितीफलक उतरवून घेण्याचा गृहपाठ मात्र देऊ नये, तो कोणी वाचत नाही. लेझीमसाठी मोकळे मैदान आधीच ठरवावे, दोन मुलांमध्ये दोन हातांचे अंतर ठेवावे आणि साखळीतल्या चकत्या सैल झाल्या आहेत का, हे वाटप करण्यापूर्वीच तपासावे. जेवणानंतर निदान तासभर तरी खेळ सुरू करू नये.