एफएमजीईच्या तयारीत फ्लॅशकार्ड कसे वापरायचे

एफएमजीई म्हणजे परदेशात एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी परीक्षा. जूनचा अटेम्प्ट म्हणजे नागपुरात खरा अभ्यास मे महिन्यात, दुपारी कूलरसमोर बसूनही डोकं चालत नाही, म्हणून फ्लॅशकार्डांची (पुढे प्रश्न, मागे उत्तर) रिव्हिजन सकाळी सहालाच उरकून टाका, ऊन चढायच्या आत.

पहिल्या अटेम्प्टला मी नोट्सची पानंच्या पानं कार्डात कॉपी केली होती. दीड महिन्यात रोजचा ढीग इतका वाढला की अंकी, म्हणजे कार्डं काही दिवसांनी परत परत विचारणारं ॲप, उघडायचीच भीती वाटायची. दुसऱ्यांदा पद्धत बदलली, आधी एमसीक्यू सोडवायचे आणि जो प्रश्न चुकला किंवा तुक्क्याने बरोबर आला त्याचंच कार्ड बनवायचं, कारण पेपर 300 चा आहे, पास व्हायला 150 लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, तं आपली भोकं नेमकी कुठे आहेत ते सापडणं जास्त गरजेचं.

एका कार्डावर एकच गोष्ट. "ओपी पॉयझनिंग (ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा) सांगा" असं कार्ड टाकून द्या, त्याचं उत्तर अर्धं आठवतं आणि आपण स्वतःलाच पास करून टाकतो. आपल्या विदर्भात कापसाच्या फवारणीमुळे या केसेस कॅज्युअल्टीत येतातच, तर असं विचारा: ॲट्रोपिन (यावरचं औषध) पुरेसं झालं हे मुख्यतः कशावरून ओळखायचं? उत्तर, छाती क्लिअर झाली, सिक्रिशन्स (स्राव) सुकले, हार्ट रेट आणि बीपी सुधारलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघायची नाही, याचं वेगळं कार्ड. तसंच सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हिमोग्लोबिनच्या बीटा चेनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी काय येतं? व्हॅलिन. बस, एवढंच.

पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) लोक काहून सोडतात मला कळत नाही, 30 मार्क आहेत, गायनॅकइतकेच! लसीकरणाचं वेळापत्रक तर कार्डांसाठीच बनलंय, एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस 9 ते 12 महिने, दुसरा 16 ते 24 महिने. ॲनाटॉमीला मात्र शब्दांपेक्षा चित्र घ्या, ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या) आकृतीतली नावं झाकून एकेक ओळखायची, अंकीमध्ये ती सोय आहे.

अंकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. आणि बटणांचं नीट समजून घ्या, उत्तर आठवलंच नाही तर "अगेन" दाबा, "हार्ड" नाही, कारण हार्ड म्हणजे कष्टाने का होईना पण आठवलं, ॲप ते पासच धरतं आणि कार्ड लांब ढकलतं. मी इथेच बरेच दिवस चुकलो.

रोज 20 नवीन घेतले तं काही आठवड्यांत रिव्हिजन रोज दोनशेच्या घरात जाते, हे आधीच धरून चला. एखादा दिवस बुडाला की नवीन कार्ड बंद ठेवा, आधी जुनी साचलेली संपवा, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन शून्य करून जी कार्डं वारंवार चुकतात तेवढीच वहीत हाताने लिहून काढा.