पहिली गिटार घेताय? खिशात रुपयाची दोन नाणी ठेवा

दहावी-बारावीची परीक्षा संपली की घराघरात गिटारचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, कोणत्या कंपनीची घेऊ? कंपनीचं नंतर बघू हो, आधी तारा किती उंच आहेत ते बघा.

माझी पहिली गिटार मी ऑनलाइन मागवली होती, अडीच हजारात, फोटोत एकदम भारी दिसत होती. घरी आली तर तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, इतक्या वर की सी कॉर्ड (तीन बोटांनी तारा दाबून एकत्र वाजवायचे सूर) धरली की बोटांच्या टोकांवर खोल रेघा उमटायच्या आणि आवाज मात्र दबलेलाच. मला वाटलं आपल्या बोटांतच जोर नाही, आणि तीन आठवड्यांत ती माळ्यावर गेली. वर्षभराने ओळखीतल्या एका गिटार शिकवणाऱ्या काकांनी ती बघितली, तारा सैल करून ब्रिजमधली (पेटीवर तारा अडकवतात तो भाग) पांढरी पट्टी म्हणजे सॅडल बाहेर काढलं, खालच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासलं आणि परत बसवलं. गिटार तीच, बोटं तीच, आणि सी कॉर्ड स्वच्छ वाजली! ते वर्ष वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दुकानात जाऊन, हातात घेऊनच घ्या. नाशिकमध्ये मेन रोड, शालिमारला जाणार असाल तर सकाळीच जा, संध्याकाळच्या गर्दीत आणि हॉर्नमध्ये तारेची बारीक खरखर ऐकूच येत नाही. आधी गिटार ट्यून करायला सांगा. मग बाराव्या फ्रेटवर, जिथे बहुतेक गिटारींना दोन ठिपके असतात, तिथे सगळ्यात जाड तारेखाली रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवा. दोन्ही मिळून तीन मिलिमीटरला थोडी कमीच भरतात, त्यामुळे ती आरामात आत जाऊन वर फट राहिली तर नवीन माणसाला ती गिटार जड जाणार. हे स्टीलच्या तारांचं झालं, नायलॉनच्या तारा थोड्या उंचच असतात.

मग प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून एकेक करत वाजवा, वेळ लागला तरी चालेल, दुकानदार काही म्हणत नाही. कुठे झिणझिण होते का बघा. फोनवर ट्यूनर ॲप लावून तार आधी मोकळी आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, सूर तोच यायला हवा, फक्त एक सप्तक वरचा. काटा बराच हलला तर ती ठेवून दुसरी मागा.

स्टील की नायलॉन? नायलॉन बोटांना मऊ लागते पण मान रुंद असते, वर नटजवळ (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) साधारण 52 मिलिमीटर, स्टीलवाल्यांची 43 च्या आसपास, त्यामुळे हात लहान असेल तर बोटं पोचता पोचत नाहीत. गाणी म्हणत स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडत वाजवायचं असेल तर स्टीलच घ्या. इलेक्ट्रिकच्या तारा सगळ्यात हलक्या दाबल्या जातात पण ॲम्पचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरचा, खर्च वेगळा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद पेटीची गिटार, देऊ नका, काखेत मावत नाही, थ्री-फोर्थ साईज मागा.

लाकडाचं म्हणाल तर पहिल्या गिटारला प्लायसारखं थरांचं लाकूड चालतं, उलट टिकतंही जास्त, कारण आपल्याकडे एप्रिलमध्ये कोरडी आग आणि जुलैत भिंतींना ओल, त्यात लाकूड आकसतं आणि फुगतं. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि उन्हाळ्यात सोमेश्वरला फिरायला गेलात तर गाडीत बंद करून तर अजिबात नको, गोंद मऊ होऊन ब्रिज उचलला जातो.

क्लासमध्ये यामाहाची एफ 280 बऱ्याच पोरांकडे दिसते, चांगली आहे, पण तीसुद्धा नाणी लावूनच घ्या. बॅग, क्लिपवाला ट्यूनर आणि तारांचा एक जादा सेट यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

गिटार आवडली पण तारा थोड्या उंच असतील तर पैसे देण्याआधी दुकानातच सॅडल घासून मागा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी व्हायला सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, म्हणून घाई करू देऊ नका, थोडं घासायचं, तारा चढवायच्या, बघायचं, कारण जास्त घासलं गेलं तर नवीनच सॅडल आणावं लागतं.