जुन्या गाडीचं पत्राकाम घरी करताय? या चुका टाळा

पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढू नका. किती जणांना सांगितलं असेल, तरी कुणीतरी फुगलेला दरवाजा घेऊन येतंच. जुन्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर जाड असतो. सलग उष्णता मिळाली की तापलेला भाग पसरू पाहतो, पण आजूबाजूचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मग तो जागच्या जागी दबून जाड होतो आणि थंड झाल्यावर आधीपेक्षा आखूड होतो. वेल्डची शिवण अशी आखडली की शेजारच्या पत्र्याला पोट येतं.

एका मित्राने जुन्या कूपेच्या दरवाज्याचा खालचा गंजका पट्टा कापून नवा बसवला. कापणी सुरेख होती, तुकडा नेमका बसला होता. निम्म्या लांबीपर्यंत त्याने टाके (ठिपक्यासारखे छोटे वेल्ड) मारत, थांबत काम केलं. मग कंटाळा आला आणि उरलेलं एका दमात ओढून मोकळा झाला. थंड झाल्यावर दरवाज्याच्या मधोमध अंगठा दाबला की पत्रा टक्‌कन आत जायचा, सोडला की बाहेर यायचा. पत्रा ताणला गेलाय असं समजून त्याने त्या फुगवट्यावरच हातोडी चालवली. खरा घात इथे झाला. फुगलेला भाग ताणलेला नव्हताच, आखडली होती ती शिवण. ठोकून ठोकून त्याने धड पत्राही खरोखरच ताणून ठेवला.

दरवाजा माझ्याकडे आला तेव्हा मी आधी शिवण घासून पत्र्याच्या जवळपास बरोबरीला आणली. मागून डॉली (हातात धरायचा पोलादी ठोकळा) दाबून धरली आणि शिवणीवर, तसंच तिच्या दोन्ही कडांच्या निळसर पट्ट्यावर हलके घाव घालत गेलो. घाव बरोबर डॉलीवरच पडायला हवा, तरच धातू पसरतो. दर काही घावांनी तळहात फिरवून बघायचं. खालचा भाग असा परत आला. मधला, जो त्याने ताणला होता, तो मात्र उष्णता देऊन थोडा थोडा आखडवावा लागला, आणि ते काम मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी किचकट होतं.

माझी पद्धत साधी आहे. मिग वेल्डिंगला (यात वायर आपोआप पुढे येऊन वितळते) 0.6 मिलिमीटरची वायर, आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे. प्रत्येक टाक्यानंतर हाताची पालथी बाजू पत्र्याजवळ नेतो. ऊब लागली तर थांबतो. तोवर दुसऱ्या तुकड्याच्या कडा घासून घेतो. लवकर थंड व्हावं म्हणून ओलं फडकं लावणारे किंवा हवा मारणारे पुष्कळ आहेत. मी तसं करत नाही आणि नवख्याला करू देत नाही. ज्याला थांबणं जमत नाही त्याने बाहेरच्या पत्र्याला हात लावू नये, आधी गाडीच्या फरशीच्या पत्र्यावर शिकावं. टिग वेल्डिंग (यात भरायची तार हाताने द्यावी लागते) येत असेल तर उत्तमच, तिची शिवण मिगपेक्षा मऊ राहते आणि हातोडीला चांगली साथ देते.

दुसरी चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. जिचं शरीर हीच चेसी, अशा गाडीत सिल, म्हणजे दरवाज्याखालची लांब पोकळ पेटी, भार पेलत असते. लोक गाडी जॅकस्टँडवर चढवतात, गंजलेल्या दोन्ही सिल एकदम कापून काढतात आणि मोकळी जागा बघून खूश होतात. गाडी मधून वाकते. त्या वाकलेल्या अवस्थेत नवी सिल पक्की झाली की दरवाज्याची फट वर अरुंद, खाली रुंद, आणि कुलूप लागत नाही. मग बिजागऱ्या वाकवायला घेतात! उघड्या टपाच्या गाडीत तर हे हमखास होतं, कारण वरून धरायला छप्परच नसतं.

कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि मापं गाडीवरच खडूने लिहून ठेवा. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप टाके मारून बसवा. गाडीचं वजन सस्पेन्शनच्या जागांवर येईल असा आधार द्या. एका वेळी एकच बाजू उघडा. नवी सिल फक्त टाक्यांवर असताना दरवाजा लावून बघा, फट जुळली तरच पुढे जा. मी दरवाजा इतक्या वेळा काढतो-लावतो की बघणारा कंटाळतो, पण पक्की झालेली सिल पुन्हा कापण्यापेक्षा ते बरं.

काढलेल्या पट्ट्यांची आणि हँडलची भोकं बुजवताना मागे तांब्याची पट्टी धरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि उष्णताही ती ओढून घेते.

बॉनेट आणि छपरावर जोराचं सँडब्लास्टिंग नको, सपाट पत्रा लाटा मारतो.

पुट्टी 3 मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून तयार नाही, परत हातोडी घ्या. गंजावर पुट्टी कधीच नाही. हार्डनर (पुट्टी कडक करणारं रसायन) पुट्टीच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलात तर रंगातून डाग वर येतात. उघडी पुट्टी पाण्याने घासू नका, ती पाणी शोषते आणि पुढे रंगाला फोड येतात.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी आहे. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डबा वाचा, नाहीतर साधं अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडू द्या. जस्त चढवलेल्या पत्र्यावरचं जस्त कडेने घासून काढा, त्याच्या धुराने थंडी-ताप येतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, आतलं कापड आणि फोम बाहेर काढा, आणि काम संपल्यावर तासभर तरी गाडीपाशीच थांबा, कारण पत्र्यामागे धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

रंगानंतर सिलच्या आत लांब नळीने मेण फवारा. फवारताना खालची पाणी निघायची भोकं बुजू देऊ नका. बुजली असतील तर मेण बसल्यावर तारेने मोकळी करा.