जुन्या बुलेटला मोठा पिस्टन बसवताना या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० चा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिलिमीटर, म्हणजे क्षमता ३४६ सीसी. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, पूर्ण एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, तरी ती जेमतेम ३५६ सीसी होते. त्यामुळे गाडी जोरात पळेल या आशेने धडधाकट सिलिंडरला हात लावणे ही पहिली चूक होय. ओव्हरसाइज पिस्टन झीज भरून काढण्यासाठी असतो, आणि प्रत्येक बोअरिंगनंतर सिलिंडरचे उरलेले आयुष्य कमी होते.

पिस्टनचा साइज दुकानात काय शिल्लक आहे यावरून ठरवू नये. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या कंगोऱ्याच्या लगेच खाली, जिथे पिस्टनवरची पहिली रिंग थांबून परत फिरते. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे माप घ्यावे, आणि सर्वांत खोल झीज ज्या सर्वांत लहान ओव्हरसाइजमध्ये साफ निघेल तोच पिस्टन आणावा. पिस्टन हातात येण्यापूर्वी सिलिंडर लेथवाल्याकडे टाकणे, ही घाई नेहमी महागात पडते. डोक्यावर कोरलेला आकडा सारखा असला तरी दोन पिस्टनांचे प्रत्यक्ष माप थोडे वेगळे निघू शकते, शिवाय पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वर निमुळता असतो. त्यामुळे माप स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात घ्यावे आणि उत्पादकाने सांगितलेली फट त्यात मिळवूनच अंतिम बोअर ठरवावा. फट कमी राहिली तर पिस्टन तापून जाम होतो, जास्त राहिली तर थंड इंजिन खडखडते.

घरच्या कामात सर्वाधिक इंजिने बिघडतात ती मात्र धुण्यात, आणि याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. होनिंगनंतर (दगडाने आतून घासून शेवटचा हात दिल्यावर) सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. त्या रेषांत दगडाची पूड बसलेली असते. रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसल्यावर वरचे तेल जाते आणि सिलिंडर चकचकीत दिसतो, पण पूड रेषांतच राहते आणि पहिल्याच फेरीपासून नव्या रिंगा घासू लागते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन सिलिंडर घासावा, पांढरे कापड आत फिरवावे, आणि ते करडे निघाले तर पुन्हा घासावा. कापड पांढरे राहिले की लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर कास्ट आयर्नवर पाहता पाहता गंज धरतो.

रिंगा पाकिटातून काढून सरळ पिस्टनवर चढवू नयेत. प्रत्येक रिंग आधी सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनने सरळ आत ढकलावी आणि तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. व्यासाच्या दर इंचामागे ३ ते ४ हजारांश इंच हा जुना हिशेब धरला, तर या इंजिनात ती ०.२१ ते ०.२८ मिलिमीटरच्या दरम्यान येते, पण रिंगांसोबत आलेला आकडा वेगळा असल्यास तोच पाळावा. फट कमी असेल तर टोके कानशीने थोडी घासावीत, कारण तापल्यावर ती एकमेकांना भिडली की रिंग तुटते.

बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग) न तपासता वरचे काम उरकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. गजनपिन हातोड्याने ठोकून बसवू नये, त्याने रॉड वाकू शकतो. पिस्टन गरम तेलात तापवला की पिन अंगठ्याने जाते. पिन जागेवर धरणारे सर्क्लिप नवेच वापरावेत आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे.

गाडी चालू करण्यापूर्वी प्लग काढून काही किका माराव्यात आणि हेडकडे (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाकडे) जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट सैल करून तेथे तेल पोहोचते का, हे पाहावे. नवे इंजिन बराच वेळ एकाच जागी आयडलवर ठेवण्याची सवय चुकीची आहे: हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनाला तेव्हा वारा मिळत नाही आणि रिंगा बसायला लागणारा दाबही तयार होत नाही. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने पुन्हा आवळावेत, आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट, लावावेत. हेड खाली दबल्यामुळे ही फट कमी झालेली असते.

एवढे करूनही निळा धूर सतत येत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडताना तेवढाच लोट येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर). सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) कमी वाटल्यास तो मोजावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती रिंगांतून आहे; जवळपास तेवढाच राहिला, तर सिलिंडर पुन्हा उघडण्याआधी हेड उतरवून व्हॉल्व्ह पाहावेत.